किल्ला म्हटला की चढण

रविवार, १२ ऑक्टोबर, स्कारबरो

मुलाने हॉलंडच्या ट्रिपमधून माझं नाव काढलं. मला न विचारता. म्हणे, "आई, तुझे गुडघे बघ. मध्ययुगातले किल्ले कशी चढणार?"

मराठी माणूस ना, किल्ला म्हटला की याला चढणच दिसते. अरे, हॉलंड वसलंय नद्यांच्या मुखाशी, तिथे कुठला आलाय डोंगर? सगळा सपाट गाळ. म्हणून तर किल्ल्याला पाण्याचा खंदक, गावाला तटबंदी. लायब्ररीतून पुस्तकं काय चित्रं बघायला आणली मी? बघितली म्हणा चित्रंही.

गुडघे दुखतात, खोटं कशाला लिहू. बुरुजाचे जिने खालूनच बघेन.

जेवताना सांगून टाकलं, "माझं तिकीट मी बुक केलंय. तुम्ही आलात तर खंदकाकाठच्या बाकावर भेटेन."