कोपरातला बेडूक

पिटुकले, कल्पना कर, माझं कोपर म्हणजे दाराची बिजागरी आणि तिच्यात अडकलाय एक खडा. म्हणून हात वाकवला की कट्ट वाजतं आणि दुखतं. डॉक्टर हात कापणार नाहीत गं, काल उगाच रडलीस. बारीक भोकातून दुर्बीण घालून तेवढा खडा काढतील. तू उठायच्या आत तुझा आजोबा निघालाय, आई सोबत आहे. बाबांना दूध गरम करायला सांग.

तो आवाज गेला की मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होईल. तुझी आई तुझ्याएवढी असताना मी रंधा मारायचो आणि ती भुशात बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "बाबा, आत बेडूक आहे!"

"असेल बाई. उपाशी आहे बिचारा."

तिनं लगेच हातातलं बिस्किट रुमालानं माझ्या कोपराला बांधलं.