कढी न चाखता

आई, आज आपल्याकडे महालक्ष्म्या जेवल्या. पुरण, आंबील, वडे, कढी, सगळं तुझ्याच पद्धतीनं केलं. हिंगाची फोडणी देताना मला दरवर्षी रांझीच्या आपल्या क्वार्टरमधलं ते चिंचोळं स्वयंपाकघर आठवतं. तू पुरण वाटते आहेस, तुझं लक्ष नाही असं पाहून मी कढीत बोट बुडवून चाटते, आणि तू न वळताच थांबतेस. तू ओरडली नाहीस. ते पातेलं आमच्या रात्रीच्या जेवणासाठी बाजूला ठेवलंस आणि देवीसाठी पुन्हा ताक घुसळायला बसलीस. "देवीच्या आधी जीभ नाही लावायची वं. नाक दिलं नं देवानं, त्यानं पाहा," एवढंच म्हणालीस. तेव्हापासून मी वासावरून मीठ ओळखायला शिकले. सासरी कुणाचा विश्वास बसायचा नाही, मग जेवताना सगळे गुपचूप दुसऱ्यांदा कढी मागायचे.

त्याच नाकावर मला नोकरी लागली. पाटनच्या रस्त्यावर आमचा छोटा कारखाना आहे, टॉफ्या-बिस्किटांत घालायचे स्वाद तिथं बनतात. कॉफीच्या स्वादासाठी लागणाऱ्या मर्कॅप्टन नावाच्या गंधकाच्या रसायनाबद्दल मी तुला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तू हसली होतीस, "म्हणजे तुमचा हिंगच की." तुझं खरंच होतं, हिंगाच्या वासातही गंधकच असतं. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात, तो घाणेरडा वासही याच भावकीतला. आमचं मर्कॅप्टन म्हणजे फिकट पिवळं तेल. कणभर असलं तर ताज्या दळलेल्या कॉफीचा वास येतो, जरा जास्त झालं की जळक्या रबराचा. तू हिंगाची डबी दुसऱ्या डब्यात घालून चहापासून लांब ठेवायचीस, तशीच आम्ही ही बाटली डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतो. झाकण उघडायचं ते फक्त हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालून, जवळपास कुठं ज्योत नको. वास घेतलेली कागदाची पट्टी लगेच ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. आणि नव्या माणसाला मी सगळ्यात आधी सांगते की हा वास नाकाला लवकर थकवतो. वास येईनासा झाला म्हणजे ते हवेतून गेलं, असं समजायचं नाही.

हे मी आजही सांगते, आणि सांगताना मला स्वतःची चीड येते. हिवाळ्यात मला ताप आला होता. ताप उतरला, पण वास परत आला नाही. आधी वाटलं, सर्दी आहे. मग डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. वाट पाहता पाहता पावसाळा सरत आला. पट्टी नाकाशी धरते, डोळे मिटते आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारते, तुम्हाला कसं वाटतंय? त्या जे म्हणतील त्यालाच मान हलवते. त्यांना वाटतं, दीदी आपल्याला मान देतात. यांचं दुकान बंद झाल्यापासून घर माझ्या पगारावर चाललंय, आणि जिला वास येत नाही अशी बाई त्या कारखान्यात काय करणार? सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर रोज असं चोरासारखं जगायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

गेल्या आठवड्यात बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि कपाटाचा पंखा बंद होता. मी तिथंच उभी राहून वजनं तपासत होते. बाई दारात आल्या आणि पदर नाकाला लावून मागे सरल्या. "दीदी, आप यहाँ खड़ी कैसे हो? मेरा तो सिर फट रहा है." मी म्हटलं, हो, आत्ताच लक्षात आलं, तेच बंद करत होते. त्यांनी पंखा लावला, खिडक्या उघडल्या, मला हात धरून बाहेर नेलं आणि पाणी दिलं. दुपारभर त्या डोकं धरून बसल्या होत्या. मला काहीच होत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. त्यानंतर घरीसुद्धा गॅस पेटवायच्या आधी मी यांना हाक मारते आणि काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात उभं करते.

आज जेवताना यांनी कढीचा भुरका मारला आणि माझ्याकडे पाहिलं. "काहून, आज हिंग जास्त पडला काय?" मी म्हटलं, नवा हिंग आहे, जरा उग्र आहे. ते अच्छा म्हणाले आणि जेवत राहिले. उद्या त्यांना खरं सांगावं, मग मालकांना, असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण आधी तुलाच सांगितलं, जिथं हे पत्र पोचणार नाही तिथं. आणि एक राहिलंच. सकाळी नैवेद्याच्या आधी मी दार लोटून घेतलं आणि कढी चाखली. मीठ बरोबर होतं, आंबटपणाही. हिंग काही कळला नाही, म्हणून आणखी घातला आणि पुन्हा चाखली. दुसरी कढी केली नाही, आई. तीच उष्टी देवीपुढे ठेवली.