बाकांसाठी हळदीकुंकू

१४ नोव्हें. ७१, रविवार
शाळेची मीटिंग. सात जण आले, त्यांतले दोन चहापुरते. इन्स्पेक्टर लिहून गेलेत : मुलं जमिनीवर बसतात, वर्षभरात बाकं करा, नाहीतर मान्यता जाईल. म्हणजे एकोणीस पोरांची मराठी शाळा बंद, आणि मी घरी.
आजवरचे उपाय : रद्दी जमवली, ती जिन्याखाली वाळवीनं खाल्ली. नाटक केलं, तिकिटांपेक्षा पडद्याचं भाडं जास्त. देणगी मागावी तर लोक सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांचं काढतात. खोटं नाही ते. सियालदह स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते.
शेवटी कुमुद जगताप बोलली. फोर्ट विल्यममधल्या कॅप्टनची बायको, मुलगी मीना आपल्याकडे दुसरीत. "संक्रांतीला वाण लुटतो ते काय, कंगवे, आरसे, वाट्या. घरोघर ढीग पडलाय. यंदा वाण आणायचंच नाही. तेवढे पैसे शाळेच्या डब्यात. तिळगूळ घरचा, कुंकू घरचं, जागा शाळेची. खर्च शून्य."
पटवर्धनकाकूंनीही मान डोलावली. भवानीपुरातल्या मराठी बायकांत काकूंशिवाय पान हलत नाही, म्हणजे ठरलंच. मला फार बरं वाटलं. मी अर्थात नेहमीसारखी मागच्या खोलीत, मुलं सांभाळायला. हे गेले त्याला बावीस वर्षं झाली, माझी जागा ठरलेली आहे.

२८ नोव्हें.
कुमुदचा नवरा गेला. कुठे, ते सांगितलं नाही. ती रोज मीनाला सोडायला येते आणि इथेच बसते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर हळदीकुंकवाची आमंत्रणं लिहिते. अक्षर सुरेख.

७ डिसें.
लढाई. खिडक्यांना काळे कागद. आज नऊच मुलं. कुमुद आलीच. चाळीस आमंत्रणं झाली. "हात चालू असला की डोकं गप्प बसतं, बाई."

१७ डिसें.
संपली लढाई! रस्त्यात गुलाल, फटाके. कुमुदनं सगळ्या वर्गाला संदेशाची मिठाई वाटली. नवऱ्याचं पत्र नाही, पण आता काय, आठवड्यात येतीलच, म्हणाली.

२४ डिसें.
तार आली. कॅ. जगताप बेपत्ता. मेले असं नाही, सापडले असं नाही. मी कुमुदकडे गेले होते. ती तारेची घडी करायची, पुन्हा उघडायची. मीना विचारत होती, बेपत्ता म्हणजे पत्ता हरवला का? मला रडू आवरेना. शिक्षिका म्हणे मी.

४ जाने. ७२
काकू आल्या, बरोबर दोघी. बराच वेळ थंडीबद्दल. मग मुद्दा. हळदीकुंकवाला कुमुद पुढे नको. "वाईट बोलत नाही हो मी. पण बायका बिचकतात. उद्या काही कळलं तर? तिला लावलेलं कुंकू, तिच्या हातचं कुंकू... नाही आल्या बायका, तर तुमच्या बाकांचं काय?"
म्हटलं, मग तुम्ही सांगा तिला.
"तुम्हीच सांगा. तुम्हाला यातलं कळतं."
कळतं! बावीस वर्षांत काकूंनी माझ्याजवळ पहिल्यांदा तो विषय काढला, तो असा. चीड आली. पण हो म्हटलं. शाळा, शाळा, शाळा.

११ जाने.
फोर्टमध्ये गेले. दीड तास मला मुद्द्यावर येता येईना. शेवटी म्हटलं, कुमुद, त्या दिवशी माझ्याबरोबर मागे बसशील? मुलांना दोघी पाहू.
ती लगेच समजली. "मागे कोण बसतं ते मला माहीत आहे, बाई. माझा नवरा जिवंत आहे."
खाली मान घालून ट्रामपर्यंत आले. एक गोष्ट लिहूनच टाकते. तिला विचारताना मला मनातून थोडं बरं वाटत होतं. त्या खोलीत सोबत होईल म्हणून. शरम वाटते.

१५ जाने.
लहान मुलांना बोरनहाण घातलं. एकानंही बोर तोंडात घातलं नाही. सरस्वतीपूजेआधी बोरं खाल्ली की नापास होतो, म्हणे! नावं कुलकर्णी, देशपांडे, आणि आतून पक्के बंगाली. आठवडाभरात आज पहिल्यांदा हसले.

२२ जाने., शनि.
आजच लिहायला हवं.
बायका साठाच्या वर. पैशांचा डबा भरत होता. मी मागच्या दारातून पाहत होते. चारला कुमुद आली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात तिळगुळाचा डबा. येऊन सरळ रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तशा काकू "पाणी पिऊन येते" म्हणत उठल्या. करंडा चौरंगावर तसाच उघडा. शेजारचीनं हात लावला नाही. तिच्या शेजारचीनं मुलाला हाक मारली.
कुमुद थांबली. मग वळून, सगळ्यांच्या देखत, माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाई, तुम्ही लावा."
मी दोन पावलं पुढे गेले. खरंच गेले. आणि तोंडातून काय निघालं? "माझ्या हातचं नको गं."
काकूंना भिऊन नाही. बाकांसाठीही नाही. माझ्या हातानं तिचं वाईट होईल म्हणून. इतकी वर्षं शिकवलं, वाचलं, लोकांना नावं ठेवली, आणि आत हे बसलेलं.
काकू उठल्या तेव्हा ती नुसती पाहत होती. माझं ऐकून मात्र तिचा चेहरा पडला. डब्यात पैसे टाकले, मीनाचा हात धरला, गेली.

२९ जाने.
बाकं सांगितली. बारा. सुतार म्हणतो, पंधरा दिवस. मीना आली नाही. फोर्टमध्ये गेले, तर क्वार्टरला कुलूप. शेजारीण म्हणाली, सासरे आले होते साताऱ्याहून, घेऊन गेले.

१९ फेब्रु.
बाकं आली. मुलं उड्या मारतायत. काकूंनी नारळ फोडला, मला पेढा दिला. खाल्ला.

२६ फेब्रु.
सासऱ्यांचं पत्र. मीनाचा शाळेचा दाखला पाठवा. पत्रात मुलाच्या नावामागे 'कै.' लिहिलंय. सरकारकडून काही कळलं का, कसं कळलं, एक अक्षर नाही. कुमुदचं नावसुद्धा नाही. तिनं मानलं असेल? की त्यांनी ठरवून टाकलं?
दाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना असतो. टाक घेऊन बसले. दुपारची सुटी संपली, मुलं बाकांवर येऊन बसली, तरी रकाना कोराच.
मग 'श्री.' लिहिलं. श्री. जगताप, पूर्ण नाव. सही केली, शिक्का मारला, मुलांना पाढे म्हणायला लावून पोस्टात स्वतः टाकून आले.
सासरे रागावतील. रागावू देत. कुमुदच्या दृष्टीस पडेल की नाही, कोण जाणे.