पायरीवर शेकलेली हलगी

औरंगाबाद छावणी, रविवार संध्याकाळ

थकलोय. देवाला कोणतं गायन आवडतं, हा लेख उद्या मासिकाला द्यायचाय. पाद्रीसाहेबांना तो हलगीविरुद्ध हवाय.

सकाळी म्हातारा सखाराम चर्चच्या पायरीवर काटक्या पेटवून, कातडं ताणावं म्हणून, हलगी शेकत होता. बाप्तिस्म्यानंतरचा त्याचा पहिलाच रविवार. पाद्रीसाहेब म्हणाले, "ही देवीपुढं वाजलेली. आत चालणार नाही."

"हे हात बी तिच्यापुढंच जोडले व्हते, साहेब. ते कसे चालले?"

पाद्रीसाहेब आत गेले. पेटी वाजू लागली. सखाराम हलगी मांडीवर घेऊन बाहेरच बसला. प्रार्थनेत माझ्या मनात एकच, की ते तापवलेलं कातडं आता सैल पडत असेल.

लेख तासाभराचं काम. पण तो छापला तर सखाराम पुन्हा येईल? नाही लिहीत. पुढच्या रविवारी घरची शेगडी पायरीवर नेतो.