परिपाठात सांगितलेला अर्थ

शिरूर अनंतपाळ,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. उमाशंकर यास अनेक आशीर्वाद.

येथे क्षेम आहे. मुख्याध्यापक या नात्याने शाळेचा खुलासा म्हणून रविवारी तू मोबाइलवर पाठवलेला मजकूर दोनदा वाचला. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका सोडून देतो. तू माझा विद्यार्थी, म्हणून निम्म्या माझ्याच. बाकीच्या चुका मात्र सोडता येत नाहीत.

"नववीतील तनुजाने शिवांगी मॅडमना इंग्रजीतून अश्लील शिवी दिली," असे तू लिहितोस. प्रसंग शिवांगीबाईंनी मला फोनवर सांगितला, तो असा. यंदाच तुझ्या देगलूरच्या शाळेत आलेल्या, बापाविना वाढलेल्या त्या मुलीने इंग्रजी परिच्छेद प्रथमच न अडखळता वाचला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. ती धावत जाऊन त्यांना बिलगली आणि मोबाइलवर ऐकलेला तो शब्द बोलली.

तिची आजी केवळाबाई आमच्या गावची लेक. तिची माया शिवीवाचून बाहेर पडत नाही. नातीने बक्षीस आणले की म्हणते, "मुडदे, लई शानी झालीस गं!" नातीने हीच माया इंग्रजीत म्हणून पाहिली.

बाईंना ते उमगले. त्यांनी तिला खिडकीपाशी नेऊन सांगितले, "बाळा, हा शब्द वाईट आहे. 'थँक यू' म्हण." विषय तेथे संपला होता. दुसऱ्या दिवशी परिपाठात तू तो उकरून काढलास. माइकपुढे उभे करून तिला अर्थ विचारलास. तिला तो ठाऊक नव्हता, तेव्हा तूच मराठीत सांगितलास. समोर शाळा समितीचा सदस्य म्हणून तिचा चुलता रामलिंग बसला होता.

"ती स्वतःहून गैरहजर आहे," हेही खरे नाही. रामलिंगने तिचे दप्तर कुलपात घातले आणि तो आजीला म्हणाला, "नाक कापायच्या आत उजवून टाकू." सोयरीक आठवड्यात ठरली.

"मुलगी बेपत्ता असून सज्ञान असल्याने शाळेचा संबंध नाही," हे तुझे शेवटचे वाक्य. पुढील ओळ कोणास वाचून दाखवू नकोस.

तनुजा माझ्या आतल्या खोलीत आहे. शनिवारी केवळाबाईने तिला आणून सोडले. "गुरुजी, माझीच शिवी पोरीला भवली," एवढेच ती म्हणाली.

काल रामलिंग आला.

"गुरुजी, पोरगी इकडं आली का?"

"घरात मी एकटाच आहे." वाक्य निर्दोष होते, आणि खोटे होते.

त्याने उंबऱ्याजवळच्या चपला पाहिल्या व तो हसला. "तुमचा पाय लई बारीक झाला की वो, गुरुजी! न्हाई, आज बसत न्हाई. परवा चौघं येतो, मग निवांत बसू."

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. घरचे तिचे वय अठरा सांगतात. ठाण्याला पुरावा हवा. तो तुझ्या कपाटातील रजिस्टरात आहे. तुझ्या खोलीत रामलिंगची ऊठबस असते, म्हणून फोन न करता केवळाबाईच्या हाती हे पत्र देत आहे. वाचताच तिच्या जन्मतारखेचा उतारा घेऊन तिच्यासोबत नीघ. "बघतो, गुरुजी," असे म्हणू नकोस.

सकाळी तनुजाने विचारले, "सरांनी सगळ्यांसमोर अर्थ सांगितला, तसंच माझं वय बी सांगतील का?" हे उत्तर तुझे आहे.

तुझ्या पावलांची वाट पाहणारा,
महादेवप्पा गुरुजी

ता. क. तुझ्या मजकुरातील तारखा अशा दुरुस्त कराव्यात :

वर्गातील प्रसंग : १८ नव्हे, १७ नोव्हेंबर. १८ ला जे झाले ते तू केलेस.
तनुजाची शाळा बंद : २४ पासून नव्हे, १८ च्या दुपारपासून.
तनुजाचा जन्म : २००७ नव्हे, ५ मार्च २०११. बारशाला मी होतो. नाव मीच सुचवले.
लग्न : तू लिहिलेच नाहीस. रविवार, ७ डिसेंबर.
रामलिंग येणार : उद्या.