पोरं माझी, कंबरही माझीच

सोम. ३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
मृणाली पनवेलला गेली. डायलिसिसचं ट्रेनिंग, दहा दिवस, तिथेच राहायचं. पूर्ण केलं तर पेणच्या हॉस्पिटलात नव्या वॉर्डची इन्चार्ज. मधेच सोडलं तर पुन्हा नाइट ड्युट्या. जाताना तीनदा विचारलं, जमेल ना? हसूच आलं. रोह्याच्या कंपनीत चोवीस माणसांची शिफ्ट चालवतो मी. इथे तर दोनच. दिशा चार वर्षांची, साईराज अकरा महिन्यांचा. दहा दिवसांची रजा टाकली आहे. टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं.

जिते गावाहून सासूबाईंचा फोन. येऊ का, म्हणाल्या. नको म्हटलं. लढाई सुरू व्हायच्या आधी पांढरं निशाण कोण दाखवतं?

सकाळी ९.४०
साईराजला टबातून उचलताना कट्‌ असा आवाज आला. बहुतेक टब तडकला.

दुपारी १.००
टब ठीक आहे.

मंगळ. ४ फेब्रुवारी
कंबरेत उसण भरली आहे. किरकोळ. फक्त वाकता येत नाही, बाकी सगळं येतं. पण मुलांची एकूण एक कामं जमिनीवरच असतात हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. खेळणी जमिनीवर, सांडलेला भात जमिनीवर, साईराज तर कायमचाच जमिनीवर. ओली चड्डी उचलायला सांडशी वापरली. उत्तम आयडिया. सांडशी नंतर धुतली (उद्या पुन्हा धुणे).

मृणालीचा व्हिडिओ कॉल. चेहरा हसरा ठेवला. म्हणाली, अहो, भिंतीला टेकून का उभे आहात? म्हटलं, रेंज इथेच येते. पटलं तिला.

बुध. ५ फेब्रुवारी
मेडिकलमधून कंबरेचा पट्टा आणला. लार्ज मागितला. दुकानदाराने माझ्याकडे बघून न विचारताच डबल एक्सएल काढला. उद्धट माणूस. पट्टा मात्र बरोबर बसला.

साईराजला पट्ट्याचा चिकटबंद फार आवडला. खर्रकन ओढायचा आणि खदखदून हसायचा. दिवसभरात चाळीसेक वेळा. मूल रमवणं ही एक कला आहे.

गुरु. ६ फेब्रुवारी
शेजारच्या शकूवहिनी म्हणाल्या, सकाळचे दोन तास साईराजला माझ्याकडे द्या, दिशालाही पाठवा. त्यांची मुलगी सासरी गेल्यापासून घर सुनं झालंय. बिचाऱ्या. त्यांच्या समाधानासाठी हो म्हटलं.

मोकळ्या वेळात यूट्यूबवरचा व्यायाम करायचं ठरवलं. त्या दोन तासांत झोप लागली. मुलं परत आल्यावर सुरुवात केली. हात आणि गुडघे टेकून मांजरीसारखी पाठ वर करायची. पाठ वर गेली आणि दिशा ओरडली, घोडा! स्वतः बसली, साईराजलाही पुढे ओढून घेतलं. व्यायाम अपुरा राहिला.

निश्चय : उद्यापासून पहाटे पाचला, मुलं उठायच्या आत.

शुक्र. ७ फेब्रुवारी
साईराज पावणेपाचला उठला.

शनि. ८ फेब्रुवारी, दुपारी ४.००
शकूवहिनी म्हणतात, दिशा पायाळू ना, जन्मताना पाय आधी आलेली? पायाळू पोराची लाथ कंबरेवर घेतली की उसण उतरते. खात्रीचा उपाय हाय. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. त्यांना प्रेमाने समजावलं की असल्या गोष्टींना काही आधार नसतो.

त्या गेल्यावर दिशाला बोलावलं. प्रयोग केल्याशिवाय एखादी गोष्ट खोटी म्हणणं हेही अशास्त्रीयच. पालथा पडलो. हळू तीन लाथा मार, म्हटलं. दिशाला तीनपर्यंत नीट मोजता येतं, पण तिथे थांबता येत नाही. अकरा मारल्या. अकरावी दिवाणावरून उडी घेऊन.

संध्याकाळी ६.३०
लिहिणार नव्हतो.

लाथांनंतर उठताच येईना. दार मीच उघडं ठेवलं होतं, वारा यावा म्हणून. साईराज रांगत दाराकडे निघाला. दारापुढे तीन हातांवर जिना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी हात टेकून उठायला बघतोय, कंबर सुटतच नाही. हाक मारली तर त्याला वाटलं खेळ आहे. अजून जोरात रांगायला लागला.

दिशाला ओरडून सांगितलं, दार लाव, आणि दारासमोरून हलू नकोस. ती धावली. कडीला तिचा हात पोचत नाही, म्हणून दार लोटून त्याला पाठ लावून बसली. साईराज तिच्या मांडीवर जाऊन आदळला.

माझी आरडाओरड ऐकून शकूवहिनी आल्या, तर दिशा त्यांनाही दार उघडेना. पप्पांनी हलू नको सांगितलंय, म्हणाली. पाच मिनिटं बाहेरून विनवण्या चालू होत्या. तिला हलायला सांगायचं मला सुचलंच नाही. मी तिच्याकडे बघत होतो.

सासूबाईंना फोन केला. या, एवढंच म्हटलं. तासाभरात मिनिडोर रिक्षाने हजर.

रवि. ९ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, स्नायू दुखावलाय. आठवडाभर आराम, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. साईराज नऊ किलोंचा आहे. हॉलमध्ये चटईवर पडून घर चालवतो आहे. सासूबाई सूचना ऐकून घेतात, व्हय व्हय म्हणतात आणि स्वतःच्या मनाचं करतात. फ्रिजवरचं टाइमटेबल गरम भाकऱ्यांखाली घातलेलं दिसलं.

मृणालीला फोनवर आईचा आवाज ऐकू गेला. ट्रेनिंग सोडून उद्याच येते, म्हणाली. सासूबाईंनी फोन घेतला : नाय गो, मी सहज आलंय. जावय पोरांना चांगला सांभाळतोय. तू तुझं शिक, येऊ नको.

चांगला सांभाळतोय! आजवर या बाईंनी तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं.

मंगळ. ११ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
साईराज चालला!!!

सासूबाई स्वयंपाकघरात, दिशा खाली अंगणात. मी चटईवर. त्याने दिवाणाची कड धरली होती. माझ्याकडे बघितलं. मी उठून घेत नाही म्हटल्यावर कड सोडली आणि स्वतःच आला. चार पावलं. पाचव्याला माझ्या तोंडावर पडला. उठता आलं असतं तर मी धावत जाऊन उचललं असतं, आणि मग तो चालला नसता.

मृणालीला लगेच फोन. बातमी देताना जरा घसा बसला होता, चहा गरम होता म्हणून. ती तर रडायलाच लागली. म्हटलं, रोज सराव घेत होतो त्याचा. एका अर्थी खरंच आहे.

बुध. १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००
मृणाली आली. ट्रेनिंग पूर्ण, वॉर्ड मिळणार. माझा पट्टा बघून अजिबात दचकली नाही. भिंतीला टेकून उभं राहिलेलं बघूनच कळलं होतं, म्हणाली, शिवाय शकूवहिनी रोज सगळं सांगत होत्या. शनिवारचं दाराचं तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मीच सांगितलं. तिने दिशाला जवळ ओढलं. मी विषय बदलला. साईराजचं पहिलं पाऊल, माझा सराव, वगैरे.

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मृणालीला भेटायला आलेल्या शकूवहिनींना एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

शेवटी मृणालीनेच सांगितलं, साईराज शुक्रवारीच चालला होता. शकूवहिनींच्या हॉलमध्ये. त्यांनी व्हिडिओ काढून त्याच दिवशी मृणालीला पाठवला होता. मग मंगळवारी रडलीस कशाला, विचारलं. म्हणाली, तुम्ही इतके खूश होऊन सांगत होता.

व्हिडिओ बघितला. सात पावलं आहेत. शेवटी दिशाचा आवाज येतो, पप्पांना सांगू नका हां, ते रडतील.

रडलो वगैरे नाही. हुंदका दिला की कंबरेत कळ जाते.