मदरबोर्डावर चंदन नको

तंजावूर,
दसऱ्याची दुपार

प्रिय दिव्या,

पाकीट हातात आल्यावर तू आधी शिक्का बघशील, मग अक्षर बघशील आणि म्हणशील, ह्याला काय झालं, फोन मोडला का? फोन धड आहे. तू उचलत नाहीस, एवढंच. पापनाशमला तुझ्या मावशीकडून परतताना बस स्टँडवर आपण भांडलो, तेव्हा तू स्वच्छ सांगितलंस की अप्पांसमोर उभा राहून बोलायची हिंमत कर, तोवर मला फोन करू नकोस. आणि दिवाळीला त्रिचीची माणसं मला बघायला आली तर मी कॉफीचा ट्रे घेऊन सरळ बाहेर येईन, लक्षात ठेव. एवढं बोलून तू चेन्नईच्या बसमध्ये चढलीस. मी रागाने बसच्या मागच्या पत्र्यावर थाप मारली. कंडक्टरला वाटलं निघायची खूण आहे, त्याने शिट्टी फुंकली आणि बस गेली. म्हणजे तुला मीच लवकर पाठवलं. असा मी.

तेव्हापासून मी दुकानातच असतो. राजवाड्यामागच्या गल्लीतलं चंद्रमतीअक्काचं ते लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, जिथे तू एकदा नाक मुरडून म्हणालीस की इथे भंगाराचा वास येतो. येतोच. पण दिव्या, ह्या भंगारात काय मजा आहे ती तुला पत्रात कशी सांगू? लोक लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणतात, तान्हं मूल आणल्यासारखा. एका भातगिरणीचा हिशेबनीस आला, म्हणाला, "तंबी, ह्याचं वय झालं, चालू करतो आणि आंघोळ करून येतो, तरी हा फिरतोच आहे." मी उघडतो. वय वगैरे काही झालेलं नसतं. आतली जुनी हार्ड डिस्क, ती गरगरणारी तबकडी, दमलेली असते बिचारी. ती काढून एसएसडी बसवायची, रॅमची एक पट्टी वाढवायची, पंख्यातला कचरा काढायचा, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावायची. मग बटण दाबलं की हिशेबनीस जो दचकतो! "अय्यो, झाला पण?" त्या "झाला पण?" साठी मी रोज सकाळी शटर वर करतो. कॉलेजात तीन वर्षांत मला एकानेही असं म्हटलं नाही. अक्का म्हणते, "श्रीकरा, सगळ्या तंजावूरच्या मशिनी तू थंड केल्यास, तुझं डोकं कोण थंड करणार?" मी तिला तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे रे. तू गिऱ्हाइकांनासुद्धा सांगतोस."

आता तुझ्या घरची बातमी. म्हणजे तुला वाटतं ती नव्हे, नीट ऐक.

सरांचा, म्हणजे तुझ्या अप्पांचा, रविवारचा वर्ग तुला ठाऊकच आहे. आपल्यासारख्या तंजावूरच्या मराठी घरांतली पोरं, कुणी चेन्नईत, कुणी बेंगळुरूत, कुणी थेट मस्कतला; मराठी कळतं, उत्तर तमिळमध्ये देतात. त्यांना सर बाराखडी शिकवतात, जशी तुला-मला समोर बसवून शिकवली, फक्त आता तुझ्या त्या बारावीत सरकारकडून मिळालेल्या लॅपटॉपवरून. तो लॅपटॉप ह्या वर्षी फारच आजारी पडला. तुझ्या आईने, हिरामामीने, मला बाजारात गाठून सांगितलं. सर सकाळी बटण दाबतात, मग कॉफी घेतात, मग जप करतात, आणि जप संपेपर्यंत पडद्यावर काहीतरी येतं. वर्ग सुरू झाला की चित्र अडकतं आणि सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. मस्कतच्या एका पोरीने तसा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सरांना ते लागलं. दोन पोरं वर्ग सोडून गेली. मामी म्हणाली, "अरे, दसऱ्याला नवीन लेकरं पहिलं अक्षर गिरवायला बसणार आहेत. तेव्हा हा असाच अडकला तर हे वर्गच बंद करतील. तू ये." मी म्हटलं, मामी, कॉलेज सोडलं म्हणून सरांनी मला चैत्रात घराबाहेर काढलंय. "अर्ध्यावर सोडणाऱ्याने माझ्या उंबऱ्यात यायचं नाही," हे त्यांचे शब्द. मामी म्हणाली, "ते नवमीला सकाळी फुलं आणायला जातील. तेवढ्यात येऊन जा. पूजेच्या मुहूर्ताच्या आत जोडून दे, बस."

तर काल मी गेलो. स्क्रू ड्रायव्हर माझा स्वतःचा, कारण दुकानातली सगळी हत्यारं अक्काने कुंकू लावून देवापुढे मांडली होती. जुन्या डिस्कवरचं सगळं मी नव्या एसएसडीवर उतरवलं, मग पंखा काढायला पाठ उघडली, आणि बघतच राहिलो. दिव्या, आत चंदन होतं! तुझ्या आईने दर वर्षी सरस्वतीपूजेला लॅपटॉपला चंदन लावलं, आणि कुठे लावलं, तर बाजूच्या जाळीवर, कारण तिथे रेघा आहेत आणि बोटं सुबक उमटतात! वर्षानुवर्षांचं चंदन वाळून, चुरून पंख्यात गेलेलं. त्यावर कुंकू, त्यावर अंगारा. एक मोगऱ्याची पाकळी, अगदी कागदासारखी. आणि सुंडलच्या उसळीतल्या हरभऱ्याचं एक टरफल, ते तुझं असणार, खात खात अभ्यास करायची सवय कुणाची? मी मामीला दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "म्हणजे मीच गळा दाबत होते होय रे त्याचा?" आम्ही दोघं इतके हसलो की फाटक वाजलेलं कळलं नाही.

सर दारात. हातात केळीचं पान, फुलांचा पुडा. आणि जमिनीवर त्यांच्या लाडक्या लेकीच्या लॅपटॉपचे तुकडे.

मला वाटलं आता आभाळ कोसळतं. मी आधीच तापलो होतो, उत्तरं तयार होती, उठायच्या बेतात होतो. सरांनी पुडा खाली ठेवला. घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुहूर्ताच्या आत जोडून होईल?" मी म्हटलं, नाही. "मग मुहूर्त थांबत नाही. आहे तसा ठेव." आणि दिव्या, तुझा लॅपटॉप काल तसाच पूजेला बसला! केळीच्या पानावर मदरबोर्ड, शेजारी पंखा, स्क्रू सुंडलच्या वाटीत, पडदा पुस्तकांना टेकवून. माझा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा सरांनी हातातून घेऊन तिथे ठेवला, हत्यार ना ते. पुढे मामी चंदनाची वाटी घेऊन मदरबोर्डाकडे निघाली आणि मी देवासमोर जोरात ओरडलो, "मामी, मदरबोर्डावर चंदन नको!" भटजी मंत्र विसरला. शेवटी तडजोड झाली: चंदन झाकणाला, मदरबोर्डाला लांबून अक्षता.

एकदा पूजेला ठेवलं की दसऱ्याच्या सकाळच्या पुनर्पूजेपर्यंत हात लावायचा नाही. ना पुस्तकाला, ना हत्याराला. म्हणजे काम अर्धवट टाकून मला निघावं लागणार होतं, आणि तेही कुणाच्या घरातून! पण मामीने पान मांडलं. पूजेच्या दिवशी कुणी न जेवता जात नाही. मी सरांच्या समोर बसलो. आंबट भाजीचा पहिला घास घेतला आणि सर शांतपणे म्हणाले, "इंजिनीअरिंग अर्धवट. आता माझा लॅपटॉपही अर्धवट." माझे कान तापले. दुसऱ्या कुठल्याही जागी मी ताट ढकलून उठलो असतो. पण पंगतीतून मध्येच उठायचं नाही, थोरांचं जेवण होईपर्यंत पानावरच बसायचं, हे ह्याच घरात शिकलो ना मी? मग बसलो. सर सावकाश जेवतात, तुला माहीत आहे. पायसम दोनदा घेतात. त्यांचं ताक होईपर्यंत माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही, आणि मी म्हटलं, "सर, अर्धवट नाही. उद्या सकाळी येतों." ते म्हणाले, "बघू."

आज सकाळी गेलो. पुनर्पूजा झाली, मी मांडी घालून बसलो. सर समोर स्क्रूची वाटी घेऊन बसले आणि एकेक स्क्रू असा हातात देत होते की जणू गणिताची पायरी तपासतायत. "हा कुठला?" "बिजागरीचा." "हा लहान का?" "खालचा आहे, सर." फोन वाजत होता, पोरांच्या आया विचारत होत्या, वर्ग आहे ना? ताटात तांदूळ पसरून लेकरं बसलीत. मी पाठ बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर आपटला मी. सर वाटीकडे बघत म्हणाले, "काय, निघालास?"

नाही निघालो. पुन्हा उघडला. सगळे स्क्रू पुन्हा वाटीत. वाढवलेली रॅमची पट्टी घाईत तिरपी बसली होती, एवढंच होतं. काढली, पुसली, दाबली, टक् असा आवाज आला. सरांनी तो आवाज ऐकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग बटण त्यांनाच दाबायला लावलं. दाबलं आणि सवयीने ते कॉफीला उठले. मी म्हटलं, "सर, झाला." "काय झाला?" "चालू झाला." ते तसेच अर्धे उभे, अर्धे बसलेले. "झाला पण?" म्हणाले! आणि लगेच चिडले, "मग माझी कॉफी?"

वर्ग कसा झाला सांगू? अडकायची सर्वांना इतकी सवय की सर एकेक अक्षर मोठ्याने ओरडून सांगत आणि ते पोचायची वाट बघत थांबत. आज "अ" म्हटलं आणि थांबले, तर तोवर सगळ्या पोरांनी "अ, अ, अ" असा गलका केला. कुणाचा तांदूळ सांडला, कुणाचा आजा खोकला, मस्कतच्या पोरीने तर "सर, आज तुमचं तोंड मिटतंय!" असं तमिळमध्ये जाहीर केलं. सर हसले. खरंच सांगतों, खळखळून.

वर्ग संपला. पोरं "नमस्कार सर" म्हणाली, सरांनी चष्मा काढला. मामी आत गेली होती. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी उभा राहिलो, तू म्हणाली होतीस तसाच, समोर, आणि एका दमात म्हटलं, "सर, मला दिव्यश्रीशी लग्न करायचंय. कॉलेज सोडलंय ते सोडलंय, काम मी चांगलं करतो, त्रिचीच्या लोकांना बोलावू नका." सरांनी चष्मा पुन्हा लावला. आणि दिव्या, लॅपटॉपमधून आवाज आला, "मुलगी कोण म्हणालास?" मस्कतची आजी होती ती! आजवर वर्ग संपेपर्यंत तो लॅपटॉप आपोआपच मरून पडायचा, त्यामुळे सर कॉल बंद करायचं बटण कधी शिकलेच नाहीत. आता तो बहाद्दर मरेना! चेन्नई, बेंगळुरू, मस्कत, सगळे चौकटीत बसून ऐकत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी झाकण धाडकन मिटलं.

सरांनी अक्षर दाखवायला घेतलेल्या ताटातला तांदूळ बोटाने सारखा केला. मग म्हणाले, "त्रिचीच्या लोकांना मी आजच थांबा म्हणून कळवतों. तिला न विचारता बोलावलं, ही माझी घाई झाली. पण तू? तू तिला विचारलंस का कधी?" मी बोटं मोजायला लागलो. अक्काला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, मोठ्या देवळातल्या गुरुजींना सांगितलं, आज तीन शहरांना सांगितलं. तुला? तुला मी सांगत राहिलो, दिव्या. विचारलं नाही. सर म्हणाले, "माझ्याकडून हो हवं असेल तर ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. आणि फोन करू नकोस. फोनवर तू बोलत नाहीस, भांडतोस. लिहायला शिकवलंय ना मी? लिही." म्हणून त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच पेनाने लिहितोय. मस्कतहून तुझ्या कानावर एव्हाना काय काय आलं असेल देव जाणे. ते सगळं बाजूला ठेव. ते माझं ओरडणं होतं, हे विचारणं आहे: दिव्यश्री, तू माझ्याशी लग्न करशील का? आत्ताच नको सांगूस. हवा तेवढा वेळ घे. "नाही" म्हणालीस तरी मी पत्र्यावर थाप मारणार नाही. फक्त दिवाळीला येशील तेव्हा चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचं नाव कळव, म्हणजे कुठल्या फलाटावर उभं राहायचं ते मला कळेल. सर म्हणतात ते पण येतील. मी म्हटलं, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "उत्तर मलाही ऐकायचंय."

तुझाच (हा शब्द सरांनी वाचला, खोडला नाही),
श्रीकर